आत्यानं मेंढ्या चारल्या तो दिवस

कातरणीच्या आदल्या संध्याकाळपासून मेंढीला चाऱ्याची काडी दाखवायची नाही, हे या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पोट रिकामं हवं. भरल्या पोटाची मेंढी उताणी केली की तिचा श्वास कोंडतो, ती वेड्यासारखे पाय झाडते, आणि एखादी तर धरल्या हातातच मान टाकते. म्हणून काल संध्याकाळी ताईनं स्वतः सगळा कळप मेंढवाड्यात कोंडला होता, तोही पत्र्याखालच्या बाजूला, म्हणजे दवानं लोकर भिजायला नको. फाटकाला कडी घातली, कडीला दोरी गुंडाळली आणि ओढून पाहिली. मगच ती झोपायला गेली.

आणि सकाळी पाहते तर काय! फाटक सताड उघडं, सगळ्या मेंढ्या मागच्या लसूणघासात शिरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध आत्या उभी. अंगावर शाल, पायांत कुणाचे तरी मोठे बूट, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही सगळ्या गावाला जेवू घातलंय.

"आत्या!" ताई किंचाळलीच. "अगं, काय करून बसलीस हे?"

"हळू बोल, बिचकतील त्या," आत्या म्हणाली. "रात्रभर ओरडत होत्या बिचाऱ्या. डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. तुला बरी झोप लागते गं, दाराशी उपाशी जीव रडत असताना?"

"आज कातरायच्यात!"

"मला सांगतेस? म्हणून तर थोडंसंच दिलं."

थोडंसं म्हणे! लसूणघासाचा अर्धा तुकडा भुईसपाट झाला होता आणि मेंढ्यांच्या कुशी फुगून टम्म झाल्या होत्या. ताईनं कपाळावर हात मारून घेतला. आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. तिचा जन्म याच मेंढ्यांत गेला, नियम तिला ताईपेक्षा जास्त पाठ. पण कुणी रडायला लागलं की आत्याचे सगळे नियम संपले. ताईच्या धाकट्या भावाला तिनं असंच बिघडवलं, असं अण्णा येताजाता म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

एरवी ताई हसली असती. एक दिवस पुढं ढकलला असता, झालं. पण आज ढकलायला जागाच नव्हती. उद्या पहाटे आसपासच्या सगळ्यांचे कळप एकत्र वरच्या कुरणांवर निघायचे होते. जो मागं राहील त्याचा तिथला वाटा दुसऱ्याला जातो. आणि अंगावर वर्षाची लोकर घेऊन त्या उन्हात, त्या चढणीवर मेंढी तगत नाही. खाली राहावं तर चार दिवसांत गवत संपलं. म्हणजे हिशेब सरळ होता: आज संध्याकाळपर्यंत लोकर उतरली नाही, तर कळप विकावा लागणार. आणि कळप गेला की या घरात ताईचं काय उरतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सासर सोडून ती परत आली तेव्हा कुणी तिला काही विचारलं नव्हतं. तिनंही काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून ती सरळ मेंढवाड्यात गेली होती, आणि तेव्हापासून तीच तिची जागा होती.

मशीन खांद्याला अडकवून उस्ताद आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. कातरणीच्या दिवसांत हा माणूस घरोघर फिरतो, त्याला उस्तादच म्हणतात. त्यानं पहिल्या मेंढीच्या कुशीत बोटं रुतवली, दुसरीच्या रुतवली आणि ताईकडं पाहिलं.

"हे काय ताई? बारशाला जेवल्यासारख्या दिसतात."

"दुपारपर्यंत उतरेल पोट. तुम्ही तोवर बसा ना."

"बसलो असतो. पण दुपारी पलीकडच्या मळ्यावर जायचंय, शब्द दिलाय. उद्या सगळेच वर चाललेत, एकाला थांबवलं तर चौघांचं बिघडतं." त्यानं मशीनचा पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला. "आणि आत्ता मी हात लावणार नाही. मागं एकीकडं असंच झालं, मेंढी हातात गेली माझ्या. महिनाभर झोप नव्हती."

त्याच्या बोलण्यात काडीचीही चूक नव्हती, म्हणून ताईला जास्तच राग आला. तो कुणावर काढावा तेही कळेना. आत्या तर खाली मान घालून बुटाच्या टोकानं माती उकरत होती.

स्वयंपाकघरात सगळे जमले. धाकटा टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होता, त्याची बायको शेगडीपाशी अंडी उकडत होती. तिला घरातले सगळे सूनबाईच म्हणत, अगदी ताईसुद्धा, आणि ताईच्या तोंडी त्या शब्दाला जरा धार असायची. सूनबाई शहरातली. लोकरीच्या वासानं तिचं डोकं चढायचं, आणि हे ती चारचौघांत सांगायची.

"गेला ना उस्ताद?" धाकटा म्हणाला. "मग झालं तर. देवानंच कौल दिला म्हणायचं."

"देवानं नाही, आत्यानं दिला," सूनबाई म्हणाली.

"आता दिवसभर हेच ऐकवा मला," आत्या म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

धाकट्यानं सुरी खाली ठेवली. "ताई, रागावू नकोस, पण मी दलालाला फोन केलाय. संध्याकाळी गाडी घेऊन येतोय तो. लोकरीसकट नेईन म्हणाला."

"कधी केलास फोन?"

"केला."

"कधी केलास ते विचारतेय मी."

धाकट्यानं बायकोकडं पाहिलं. "परवा," तो म्हणाला.

म्हणजे आत्यानं फाटक उघडायच्याही आधी! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे तुझं ठरलेलंच होतं. आम्ही इथं मरमर मरायचं आणि तू..."

"ठरवायला कुणीतरी नको का? अण्णांना जमत नाही, तू ऐकत नाहीस. आम्हाला काय जन्मभर इथं शेणात..."

"दुपारी कातरू," दारातून आवाज आला.

अण्णा. त्यांनी कातरणीच्या दिवशीचा जाड कापडाचा अंगरखा चढवला होता, बटणं वरखाली लागलेली. "मशीन नाही तर नाही. मशीन यायच्या आधी या घरानं काय दातांनी लोकर उपटली? हातकातरी आहेत ना दोन? मी कातरतो."

आत्या लगबगीनं उठली आणि तिनं अण्णांना चहा दिला. अर्धा कप. गेलं वर्षभर या घरात अण्णांना अर्धाच कप मिळायचा, म्हणजे हिंदकळून सांडायला नको. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळे खिडकीबाहेर बघायचे. आजही बघितलं. बाहेर काही म्हणजे काही नव्हतं.

दुपारी पोटं उतरली. शेडमधली फरशी झाडून, वर ताडपत्री अंथरून ताईनं जागा केली. गोण्या लावल्या, जखमेच्या निळ्या औषधाची बाटली कोनाड्यात ठेवली, कातरींना दगडावर धार दिली. आत्या फाटकावर उभी राहिली, एकेक मेंढी सोडायला. निदान तेवढं तरी मला करू द्या, म्हणाली. धाकटा बाहेरच्या कठड्यावर फोन घेऊन बसला होता. सूनबाई नाकाला रुमाल बांधून लोकर गोळा करायला आली, ही मात्र ताईच्या दृष्टीनं नवलाचीच गोष्ट होती.

"वास सोसेल का?" ताईनं विचारलं.

"नाही सोसला तर सांगेन की. मी काय तुमच्यासारखी गप्प बसणारी आहे?"

अण्णांनी पहिली मेंढी ओढली, बुडावर बसवली, तिची पाठ आपल्या गुडघ्यांशी टेकवली. ते सगळं अजून तसंच होतं, अचूक. मेंढी मान टाकून निमूट बसली. मग त्यांनी कातर उचलली, आणि कातरीची टोकं हवेत नाचायला लागली. पोटाची लोकर निघाली तीच तुकड्या-तुकड्यांत. मांडीपाशी आले आणि मेंढीनं अंग आखडलं. पांढऱ्या कातडीवर लाल रेघ उमटली.

"हलली ती," अण्णा म्हणाले.

"हलली, हलली," आत्या फाटकावरून म्हणाली.

ताईनं निळं औषध लावलं. पहिली मेंढी कशीबशी सुटली, उंदरांनी कुरतडलेल्या सतरंजीसारखी दिसत होती. अण्णांनी दुसरी ओढली. ही दुभती, आचळ भरलेलं. कातर पोटावरून खाली सरकायला लागली तसा ताईचा जीव वर वर यायला लागला. आचळाला कातर लागली तर ते कायमचं गेलं, मग पिलाला दूध नाही. ती आत्याकडं बघायला लागली, आत्या फाटकाची कडी निरखत होती. सूनबाईकडं बघितलं, तर ती रुमालावरच्या डोळ्यांनी थेट ताईकडंच बघत होती. बोला की, असं ते डोळे म्हणत होते. या घरात बोलायचंच नाही असं ठरलंय का?

"अण्णा," ताई म्हणाली. "थांबा."

"काय झालं?"

"कातर द्या माझ्याकडं."

अण्णांनी वर पाहिलं. "तुझ्याकडं? या घरात पोरींनी मेंढ्या धरल्यात, कातरल्या नाहीत."

"दरवर्षी शेपटीखालची, पायांतली लोकर मीच काढते की."

"ते वेगळं, हे वेगळं."

"असेल वेगळं. पण तुमचा हात थरथरतोय, अण्णा." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "आजचा नाही, वर्षभर थरथरतोय. आम्ही अर्धा कप चहा देतो, तुमची पत्रं सूनबाई लिहिते, दाढी कापलेली दिसली की नव्या ब्लेडला नावं ठेवतो. मला नाही जमत आता. ही दुभती आहे. तिला लागलं तर मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि स्वतःलाही नाही. द्या ती कातर."

आत्या म्हणाली, "अगं, बापाशी असं बोलतात का?"

"तू गप गं," अण्णा म्हणाले. त्यांनी कातर मिटली. मग म्हणाले, "मला काय कळत नव्हतं? स्वतःचा हात आहे. अर्धा कप काय मला दिसत नाही? तुम्ही कुणी बोलत नव्हता. मला वाटलं, तुम्हालाच ऐकवत नसेल, म्हणून मीही बोललो नाही."

त्यांनी कातर पुढं केली. ताईनं घेतली. लाकडी मुठी त्यांच्या घामानं ओल्या होत्या. तिला रडू फुटलं आणि तिनं ते बाहीला पुसलं, कारण पुढ्यात मेंढी बसली होती आणि दिवस उतरत होता.

अण्णा उठून गेले नाहीत. ताडपत्रीवर मांडी घालून बसले आणि मेंढीचं डोकं त्यांनी आपल्या छातीशी धरलं. थरथरत्या हातांनी का होईना, धरलेली मेंढी त्यांच्यापाशी हलत नसे. "डाव्या हातानं कातडी ताण," ते म्हणाले. "आणखी. सुरकुती राहिली की तिथंच लागतं. आणि कातर ढकलू नकोस, सरकव. भांडी घासायला बसली नाहीस तू."

"भांडी घासली असती तर एव्हाना संपली असती," ताई म्हणाली.

ताईची पहिली मेंढी व्हायला फार वेळ लागला. दुसरीला थोडा कमी. चौथीला लोकर एकसंध खाली उतरली, आतून पांढरी, मऊ, गरम. सूनबाईनं ती उचलली आणि रुमालाआडून "बाई गं," म्हणाली. पण ताईनं मान वर करून फाटकाकडं पाहिलं आणि तिचा धीरच खचला. आत अजून बराच कळप उभा होता. पाठीतून कळा येत होत्या, बोटं वळत नव्हती. एकटीच्या हातानं हे उरकणार नव्हतं.

सूनबाईला न सांगता कळलं. तिनं हातातली लोकर गोणीत कोंबली, दुसरी कातर उचलली आणि बाहेर कठड्यापाशी गेली.

"अहो, उठा."

"काय?"

"तुम्हाला येतं कातरता. लग्नाआधी मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंत. का ते नुसतंच?"

"अगं, पण आपलं ठरलंय ना जायचं? तूच तर मागं लागली होतीस."

"अजूनही लागलेय. मला इथून जायचंच आहे, या वासातून आधी बाहेर काढा मला. पण असं नाही. ताई तिथं मान मोडून राबतायत आणि आपण दलालाची वाट बघत बसायचं, हे मला नाही जमायचं. परवा फोन केलात तेव्हा मला तरी विचारलंत का? आणि सकाळी त्यांच्यासमोर माझ्याकडं काय बघत होतात? मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं."

धाकट्यानं फोन खिशात घातला आणि कातर घेतली. शेडमध्ये येताना तो ताईकडं बघत नव्हता. त्यानं मेंढी ओढली, आणि ती त्याच्या हातून सुटून थेट सूनबाईच्या पायांत शिरली. सूनबाई धाडकन लोकरीच्या ढिगावर बसली. आत्या खो खो हसली, सकाळपासून पहिल्यांदा, आणि मग सगळेच हसले.

"धरा तिला!" सूनबाई ओरडली. "माणसं आहात का कोण!"

मग कामानं वेग धरला. दोन कातरी चालत होत्या. धाकट्याला आधी जमेना, मग हातांना आठवलं. आत्या मेंढी सोडायची, सूनबाई लोकर उचलायची, रुमाल कधीच गळ्यात आला होता. अण्णा एकदा ताईसाठी डोकं धरायचे, एकदा पोरासाठी. कुणीतरी ताईच्या तोंडात उकडलेलं अंडं कोंबलं, ते तिनं तसंच चावून गिळलं. लोकरीच्या तेलकटपणानं मूठ निसटायला लागली की ती हात गोणीला पुसायची आणि पुन्हा धरायची. संपवायचंच आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा फाटकामागं थोड्याच मेंढ्या उरल्या होत्या, आणि दलालाची गाडी अंगणात शिरली.

दलाल उतरला. कातरलेल्या मेंढ्यांकडं त्यानं पाहिलं, धाकट्याच्या हातातल्या कातरीकडं पाहिलं. "हे काय चाललंय? मी तर सगळा कळप न्यायला आलोय." धाकटा काहीतरी पुटपुटला. दलालानं त्याला सोडून अण्णांकडं मोर्चा वळवला. "अण्णा, तुम्हीच बोला. द्यायच्यात का नाही?"

अण्णांच्या मांडीवर मेंढीचं डोकं होतं. ते उठले नाहीत. "मला काय विचारता?" ते म्हणाले. "तिला विचारा."

ताईची पाठ सरळ होईना. कठड्याला धरून ती उभी राहिली. दिवसभर तिच्या ओठांवर एकच उत्तर होतं: एकही देणार नाही. तेच सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर कळपावर गेली. सकाळी सगळ्या सारख्याच गुबगुबीत दिसत होत्या. आता लोकर उतरली होती आणि खरी अंगं उघडी पडली होती. बहुतेक धडधाकट होत्या. पण काहींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एक मागचा पाय उचलून धरत होती. या उद्याची चढण चढणार नव्हत्या. अर्ध्या वाटेत बसणार, मग कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जाणार. आजपर्यंत हे बघायचं काम अण्णांचं होतं. तिनं फक्त रडून घ्यायचं असायचं.

"सगळ्या नाही," ती म्हणाली. "मी काढून देते तेवढ्याच."

ती मेंढ्यांत शिरली. कुशीवरून, पाठीच्या कण्यावरून हात फिरवत एकेकीला बाजूला काढायला लागली. आत्यानं तोंड फिरवलं, पण फाटक उघडं धरून ठेवलं. ताईनं एका म्हाताऱ्या मेंढीच्या मानेला हात घातला, तोच धाकटा पुढं आला.

"ती नको, ताई."

ही त्यानं लहानपणी बाटलीनं वाढवलेली. तिची आई व्याली त्याच रात्री गेली होती, आणि धाकट्यानं हिला शेगडीजवळ खोक्यात ठेवलं होतं.

"सकाळी तर सगळ्याच चालल्या होत्या," ताई म्हणाली.

"सगळ्या चालल्या की त्यांत ती एकटी दिसत नाही." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "घरी राहू दे की. एकीपुरतं गवत आहे मागं."

ताईनं भावाकडं पाहिलं. त्याला हो म्हणावं, असं तिला आतून फार वाटलं. "राहू दे. पण रोज तिला चारायचं तू. दात राहिले नाहीत तिचे, दोन्ही वेळा भिजवून घालावं लागेल. मी वर असेन, आत्याच्यानं एवढं होत नाही. तू राहणार असशील तर आत्ता सांग, मी सोडते तिला."

धाकट्यानं सूनबाईकडं पाहिलं. सूनबाई गोणीत लोकर कोंबत राहिली. दलालानं गाडीचं फळकूट खाली टाकलं. धाकट्यानं ताईचा हात बाजूला केला, म्हातारीला दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतः गाडीत नेऊन ठेवलं. उतरताना त्यानं तिच्या तोंडाला तोंड लावलं. कुणी त्याला हसलं नाही.

गाडी गेली. ताईला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पण उरलेला कळप आता तिचा होता.

"उजेड जातोय," सूनबाई म्हणाली आणि रिकामी गोणी झटकली.

ताईनं कातर उचलली. धाकटा डोळे पुसत शेजारी येऊन बसला. अण्णांनी मांडी पुन्हा नीट घातली, फाटकामागं उरलेल्या मेंढ्यांवरून नजर फिरवली. बोट दाखवून आत्याला काही सांगायला त्यांचा हात वर गेला, आणि तसाच खाली आला. ते लेकीकडं वळले.

"ताई," त्यांनी विचारलं, "आता कोणती घेऊ?"